विज्ञानकथा मालिकांची क्रमवारी लावताना शेवटाला किती वजन द्यावे?

नक्षत्रवेध

नमस्कार. आमच्या विज्ञानकथा वाचकगटात गेले काही आठवडे एकाच विषयावर वाद चालू आहे, आणि तो गटापुरता न ठेवता इथल्या जाणकारांसमोर मांडावा असे वाटले. दूरचित्रवाणीवरील सर्वोत्तम दहा विज्ञानकथा मालिकांची यादी करायची असे आम्ही ठरवले होते. नावांवर फारसे मतभेद झाले नाहीत. क्रम लावायला बसल्यावर मात्र असे दिसले की कोणी मालिकेच्या प्रभावाला गुण देत आहे, कोणी आज ती पाहताना येणाऱ्या अनुभवाला, तर कोणी केवळ तिच्या सर्वोत्तम पर्वाला.

माझा क्रम असा आहे. पहिल्या स्थानावर ‘द ट्वायलाइट झोन’, दुसऱ्यावर ‘द एक्स्पान्स’, तिसऱ्यावर ‘बॅबिलॉन फाइव्ह’, चौथ्यावर ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ आणि पाचव्यावर १९६६ सालचे मूळ ‘स्टार ट्रेक’. त्यानंतर ‘डीप स्पेस नाइन’, ‘डॉक्टर हू’ आणि जर्मन मालिका ‘डार्क’ येतात, आणि मग नवव्या स्थानावर ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’, म्हणजे अर्थातच २००३ साली सुरू झालेली नवी आवृत्ती. दहाव्या जागेसाठी ‘फायरफ्लाय’ आणि ‘फारस्केप’ यांच्यात माझे अजून ठरलेले नाही.

पहिल्या स्थानाबद्दल माझ्या मनात शंका नाही. रॉड सर्लिंग हा १९५०च्या दशकात अमेरिकी दूरचित्रवाणीवरचा नावाजलेला नाटककार होता, परंतु एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या हत्येच्या प्रकरणावरून त्याने लिहिलेले नाटक प्रायोजकांच्या भीतीपोटी इतके बदलले गेले की त्यात मूळ विषयाचा मागमूसही उरला नाही. जे थेट बोलता येत नाही ते परग्रहवासीयांच्या आणि भविष्यातल्या माणसांच्या तोंडून बोलता येते, हे त्याने ओळखले आणि १९५९ ते १९६४ या काळात १५६ भागांची मालिका उभी केली. वीज गेल्यावर एका गल्लीतले सज्जन शेजारी तासाभरात एकमेकांवर परग्रहवासी असल्याचा संशय घेऊ लागतात, त्या भागाइतके नेमके लिखाण जमावाच्या मानसिकतेवर मी दूरचित्रवाणीवर दुसरीकडे पाहिलेले नाही.

वाद आहे तो नवव्या स्थानावरून. ‘बॅटलस्टार’ला इतके खाली ढकलणे गटातल्या निम्म्या लोकांना मान्य नाही. माझे म्हणणे असे की, जी मालिका पहिल्या भागापासून एक रहस्य उभे करते, शत्रूजवळ एक योजना आहे असे दर आठवड्याला शीर्षकपटात सांगते आणि प्रेक्षकाला त्या आशेवर चार पर्वे पुढे नेते, तिने अखेरीस त्या योजनेचा हिशेब दिला पाहिजे. २० मार्च २००९ रोजी प्रक्षेपित झालेल्या अंतिम भागात तो हिशेब मिळत नाही. ईश्वरी इच्छा पुढे करून सगळी गाठ एका झटक्यात सोडवली जाते, आणि स्टारबकसारखी मध्यवर्ती व्यक्तिरेखा बोलता बोलता नाहीशी होते.

तेव्हा माझे दोन प्रश्न आहेत. सलग कथा सांगणाऱ्या मालिकेच्या मूल्यमापनात शेवटाला किती वजन द्यावे? आणि प्रत्येक भागात नवी गोष्ट सांगणारी मालिका व पाच-सहा वर्षे एकच गोष्ट सांगणारी मालिका एकाच यादीत बसवणे योग्य आहे का? पुढे शेवटांची चर्चा होणार हे उघड आहे, त्यामुळे ज्यांनी या मालिका पाहिलेल्या नाहीत त्यांनी जपून वाचावे.

वैनतेय

नक्षत्रवेध, तुमच्या पहिल्या स्थानाशी मी सहमत आहे आणि नवव्या स्थानाशी पूर्णपणे असहमत. कादंबरीचा न्याय तुम्ही दूरचित्रवाणी मालिकेला लावत आहात. कादंबरी लेखकाच्या हातून पूर्ण होऊन मगच वाचकाकडे येते, पहिले प्रकरण शेवटच्या प्रकरणानंतर दुरुस्त करता येते. मालिकेचे पहिले पर्व प्रेक्षकांनी पाहून झालेले असते तेव्हा चौथे पर्व कागदावरही नसते. आणि मधल्या काळात अभिनेते सोडून जातात, वाहिनी भागांची संख्या कमी-जास्त करते, संप होतात. २००७-०८ सालच्या अमेरिकी लेखकांच्या संपात ‘बॅटलस्टार’चे अखेरचे पर्व मधोमध थांबले होते, आणि मालिका तिथेच संपते की काय अशी परिस्थिती होती. अशा माध्यमात शेवट हा अनेक भागांपैकी एक भाग असतो, आणि त्याला त्याच्या वाट्याइतकेच वजन मिळावे.

आता या मालिकेने काय दिले ते पाहा. ‘३३’ हा पहिला नियमित भाग घ्या. जग नष्ट झाले आहे, पन्नास हजारांच्या आसपास माणसे उरली आहेत, आणि शत्रू दर तेहतीस मिनिटांनी हल्ला करतो, त्यामुळे पाच दिवस कोणीही झोपलेले नाही. युद्धाचे भव्य चित्रण जवळपास नाहीच. आहेत ती तांबारलेल्या डोळ्यांची माणसे, चुकणारे आकडे आणि एक असा आदेश, ज्यात आपल्याच लोकांनी भरलेले असू शकेल असे जहाज उडवावे लागते. राष्ट्राध्यक्षा फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा पुसून पुन्हा लिहीत राहतात, आणि भागाच्या अखेरीस एका बाळाच्या जन्माने तो एकाने वाढतो. या भागाला २००५ साली ह्युगो पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

त्याहून मोठी गोष्ट तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला आहे. अमेरिकी फौजा इराकमध्ये असताना, २००६च्या ऑक्टोबरमध्ये, एका अमेरिकी वाहिनीवर अशी कथा दाखवली गेली की जिच्यात आपले नायक परक्या सत्तेच्या ताब्यात आहेत आणि त्यांच्यातला एक कर्तबगार अधिकारी आत्मघाती बाँबहल्ल्यांची आखणी करतो. प्रेक्षकाला ज्यांच्याबद्दल दोन पर्वे आपुलकी वाटत आली, त्यांच्याच हातून हे घडते. सर्लिंगने जे केले म्हणून तुम्ही त्याला पहिले स्थान देता, तेच हे आहे, फक्त ते पंचवीस मिनिटांत न संपता अनेक भाग चालते आणि त्यामुळे अधिक खोल रुतते. २००९च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या मालिकेच्या निमित्ताने मानवी हक्क आणि दहशतवाद यांवर चर्चा झाली, आणि तिला मालिकेचे निर्माते व प्रमुख कलाकार उपस्थित होते, ही गोष्ट मला क्रमवारीत मोजण्याजोगी वाटते.

शेवटाबद्दल तुमची तक्रार मला समजते. पण एका अंतिम भागाच्या नावाखाली त्याआधीच्या सत्तरहून अधिक भागांना नवव्या क्रमांकावर बसवणे हा अन्याय आहे. माझ्या यादीत ‘बॅटलस्टार’ दुसऱ्या स्थानावर आहे.

मध्यमग्राम

वैनतेय यांनी माध्यमाच्या अडचणी नेमक्या मांडल्या आहेत, परंतु त्या अडचणी ‘बॅबिलॉन फाइव्ह’लाही होत्या, आणि त्याहून कठोर होत्या. म्हणूनच मला त्यांचा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही.

तिचा कर्ता जे. मायकेल स्ट्राझिन्स्की याने पाच वर्षांची कथा आधीच आखली होती, सुरुवात, मध्य आणि शेवट यांसह. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी दूरचित्रवाणीवर असे कोणी करत नव्हते, कारण पुनर्प्रक्षेपणात भाग कोणत्याही क्रमाने दाखवता यावेत अशी वाहिन्यांची इच्छा असे. एकूण ११० भागांपैकी ९२ भाग त्याने एकट्याने लिहिले, आणि तिसरे व चौथे पर्व तर संपूर्ण. (सर्लिंगनेही ‘ट्वायलाइट झोन’चे ९२ भाग लिहिले होते. हा योगायोगच आहे, पण एकाच हाताने इतके लिहिले गेल्याचा एकसंधपणा दोन्हीकडे जाणवतो.) पहिल्या पर्वानंतर प्रमुख अभिनेता मायकेल ओ’हेअर याला मानसिक आजारामुळे मालिका सोडावी लागली. अशा वेळी दुसरी मालिका कोलमडली असती. स्ट्राझिन्स्कीने प्रत्येक व्यक्तिरेखेला कथेतून बाहेर पडण्याची एक वाट आधीच ठेवलेली होती. त्याने नायक बदलला, आणि जुन्या नायकाचे जाणे पुढे मुख्य कथेचाच भाग झाले. ओ’हेअरच्या आजाराची गोष्ट मात्र त्याने मित्राला दिलेल्या शब्दाप्रमाणे त्याच्या मृत्यूनंतरच सांगितली.

चौथ्या पर्वाच्या वेळी ज्या प्रसारणजाळ्यासाठी मालिका तयार होत होती तेच बंद पडण्याच्या बेतात होते. पाचवे पर्व होणार नाही असे गृहीत धरून कथेचा बराचसा भाग चौथ्या पर्वात आटोपावा लागला, आणि अंतिम भागाचे चित्रीकरणही तेव्हाच झाले. मग दुसऱ्या वाहिनीने पाचवे पर्व घेतले आणि तो तयार अंतिम भाग राखून ठेवून १९९८च्या नोव्हेंबरमध्ये दाखवला गेला. या ओढाताणीचे व्रण मालिकेवर आहेत. पाचव्या पर्वाचा पूर्वार्ध रेंगाळतो. संगणकावर तयार केलेली त्या काळची अंतराळदृश्ये आज जुनाट दिसतात, आणि पहिल्या पर्वातले काही संवाद ऐकवत नाहीत. असे असूनही लोंडो आणि ज’कार या दोन शत्रूंची पाच वर्षांची वाटचाल जिथे पोहोचते, तिथे ती पोहोचणार याची खूण आपल्याला पहिल्याच पर्वात एका भविष्यसूचक स्वप्नात मिळालेली असते, आणि प्रत्यक्ष तो प्रसंग येतो तेव्हा त्याचा अर्थ आपण समजलो होतो त्याच्या उलट निघतो. हे आखणीशिवाय शक्य नव्हते.

‘बॅटलस्टार’च्या लेखकांनी पाच अज्ञात सायलॉन (म्हणजे माणसांसारखे दिसणारे शत्रुपक्षाचे यंत्रमानव) कोण, हे मालिका बरीच पुढे गेल्यावर ठरवले, हे मालिकेचे कर्ते रोनाल्ड मूर यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. त्यात गैर काही नाही, मालिका अशाही लिहिल्या जातात. मात्र मग शीर्षकपटात योजनेचा दावा करू नये. म्हणून नक्षत्रवेध यांच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: शेवटाचे वजन मालिकेने स्वतः दिलेल्या वचनाइतके असावे. ‘नेक्स्ट जनरेशन’ने कोणतेही रहस्य सोडवण्याचे वचन दिले नव्हते, त्यामुळे तिचा अंतिम भाग उत्तम असला तरी त्यासाठी तिला जादा गुण नकोत, आणि तो सामान्य निघाला असता तरी गुण कापायचे कारण नव्हते. ‘बॅबिलॉन फाइव्ह’ने वचन दिले आणि पाळले. ‘बॅटलस्टार’ने दिले आणि पाळले नाही.

जाता जाता एक. मूर यांनी दूरचित्रवाणीत प्रवेश केला तो ‘नेक्स्ट जनरेशन’ला स्वतःहून पाठवलेल्या एका पटकथेमुळे. तिसऱ्या पर्वापासून मायकेल पिलर यांनी लेखनाची सूत्रे हाती घेतली आणि बाहेरच्या, अनोळखी लेखकांची हस्तलिखितेही वाचायला सुरुवात केली. मूर तिथून ‘डीप स्पेस नाइन’मध्ये गेले आणि पुढे ‘बॅटलस्टार’ घडवली. ‘एक्स्पान्स’ची धुरा सांभाळणारे नरेन शंकर यांनीही उमेदवारी ‘नेक्स्ट जनरेशन’मध्येच केली. चौथ्या क्रमांकावरच्या मालिकेतून इतर दोन मालिकांचे कर्ते तयार झाले असतील, तर तिचे स्थान ठरवताना हेही धरावे.

लीड्सनिवासी

इथे सातव्या क्रमांकावर ‘डॉक्टर हू’ दिसली आणि लिहिल्याशिवाय राहवले नाही. मी बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहतो, आणि शनिवारी संध्याकाळी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे घर एकत्र बसून जी मालिका पाहते, तिची तुलना रात्री उशिरा एकट्याने पाहायच्या मालिकांशी कशी करायची, हा प्रश्न मला पडतो.

शेवटाच्या निकषावर तर ही मालिका बसतच नाही, कारण तिची रचनाच न संपण्याची आहे. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला भाग दाखवला गेला. तीन वर्षांनी प्रमुख अभिनेता विल्यम हार्टनेल याची प्रकृती साथ देईना, तेव्हा नायक मृत्यूच्या दारात नवे शरीर धारण करतो अशी कल्पना निर्मात्यांनी काढली. एका व्यावहारिक अडचणीवर शोधलेले हे उत्तर मालिकेचा प्राण ठरले, आणि १९८९ साली बंद पडलेली मालिका २००५ साली रसेल टी डेव्हिस यांनी पुन्हा उभी केली तेव्हा याच कल्पनेमुळे जुने आणि नवे जोडता आले.

मात्र क्रमवारीच्या दृष्टीने खरी अडचण वेगळीच आहे. १९६०च्या दशकातले सुमारे शंभर भाग आज अस्तित्वात नाहीत. चित्रफिती महाग होत्या, पुनर्प्रक्षेपणाचे हक्क मर्यादित होते, आणि घरोघरी ध्वनिचित्रमुद्रण होईल हे कोणाच्या मनातही नव्हते, त्यामुळे बीबीसीने त्या पुसून पुन्हा वापरल्या. हार्टनेलचा अखेरचा भागही हरवलेल्यांत आहे. रूपांतराचा तो क्षण तेवढा उरला, कारण त्याचा तुकडा मुलांच्या एका कार्यक्रमात दाखवला गेला होता. हरवलेल्या सर्व भागांचा ध्वनी मात्र उपलब्ध आहे, कारण त्या काळच्या चाहत्यांनी घरी संचासमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो मुद्रित केला होता. २०१३ साली नायजेरियातल्या जोस शहरात, परदेशी वाहिन्यांना पाठवलेल्या प्रतींमधून, नऊ भाग सापडले, आणि त्यामुळे हार्टनेलनंतरचा नायक पॅट्रिक ट्रॉटन याच्या काळातली एक संपूर्ण कथा पुन्हा पाहता आली. ती पाहिल्यावर अनेक जाणत्यांचे त्या काळाबद्दलचे मतच बदलले. ज्या मालिकेच्या ऐन भरातला एवढा भाग कोणी पाहूच शकत नाही, तिला आपण सातवे स्थान कोणत्या आधारावर देतो?

इथल्या वाचकांना रस वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. या मालिकेची पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन हे लखनौत जन्मलेले, आणि निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट या तेव्हा विशीतल्या होत्या. पुरुषप्रधान आणि गोऱ्या बीबीसीत एक तरुण स्त्री आणि एक भारतीय तरुण यांच्यावर ही जबाबदारी टाकण्यात आली, आणि वरिष्ठांच्या मनात मालिकेविषयी फारशी आशा नव्हती. हुसेन यांनी मार्को पोलोच्या प्रवासावरची जी सात भागांची कथा केली, त्यातला केवळ एक भाग दुसऱ्याने दिग्दर्शित केला होता. ती कथा तर संपूर्ण नाहीशी झाली आहे. उरलेल्या रंगीत छायाचित्रांमध्ये नेपथ्य आणि वेशभूषा पाहिली की काय गमावले याची कल्पना येते.

आणि शेवटांविषयीच बोलायचे तर ब्रिटिश मालिका ‘ब्लेक्स सेव्हन’ तुमच्या यादीत नाही याचे मला आश्चर्य वाटते. ‘डॉक्टर हू’मधले प्रसिद्ध शत्रू डालेक निर्माण करणाऱ्या टेरी नेशन यांनीच ती रचली. १९८१च्या डिसेंबरात, नाताळच्या चार दिवस आधी, तिच्या अखेरच्या भागात बंडखोर नायक आपल्याच साथीदाराच्या गोळीला बळी पडतो आणि नंतर बाकीचेही एकेक करून कोसळतात. नेपथ्य पुठ्ठ्याचे होते, पैसा नव्हता, तरीही तो शेवट ब्रिटनमध्ये आजही आठवला जातो. दहावी जागा रिकामी असेल तर तिचा विचार करावा.

संख्यामित्र

मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे मालिकांच्या गुणांपेक्षा तुमच्या गटाने क्रम कसा ठरवला याबद्दल थोडे लिहितो.

प्रत्येकाने दहा नावे लिहायची, पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ असे देऊन बेरीज करायची, ही पद्धत अठराव्या शतकात फ्रेंच गणिती बोर्दा यांनी सुचवली. तिच्यात एक गृहीत आहे, ते असे की प्रत्येक मतदाराला सगळे उमेदवार माहीत आहेत. मालिकांच्या बाबतीत हे कधीच खरे नसते. ज्याने ‘बॅबिलॉन फाइव्ह’ पाहिलीच नाही, त्याच्या यादीत ती नसते आणि तिला शून्य मिळतो. न पाहिलेली मालिका आणि पाहून नावडलेली मालिका या दोघींना सारखीच शिक्षा होते. आपल्याकडे तर कोणी काय पाहिले हे वाहिन्यांनीच ठरवले होते. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मूळ ‘स्टार ट्रेक’ लागत असे, म्हणून त्या पिढीच्या प्रत्येक यादीत ती वर असते. त्यात मालिकेचा गुण किती आणि उपलब्धतेचा वाटा किती, हे बेरजेतून कळत नाही.

याला एक बरा उपाय आहे. दोन-दोन मालिकांची जोडी घ्यावी आणि दोन्ही पाहिलेल्यांनीच त्या जोडीवर मत द्यावे. या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. समजा, तिघे मतदार आहेत. पहिल्याचा क्रम ट्रेक, बॅटलस्टार, बॅबिलॉन. दुसऱ्याचा बॅटलस्टार, बॅबिलॉन, ट्रेक. तिसऱ्याचा बॅबिलॉन, ट्रेक, बॅटलस्टार. बहुमताने ट्रेक ही बॅटलस्टारच्या वर, बॅटलस्टार बॅबिलॉनच्या वर, आणि तरीही बॅबिलॉन ट्रेकच्या वर ठरते. प्रत्येक मतदार सुसंगत असूनही गटाचे मत चक्रात फिरते, हे काँदोर्से यांनी १७८५ साली दाखवून दिले. तुमच्या गटात आठवडे वाद चालला असेल, तर कोणाचा तरी हट्ट हेच कारण असेल असे नाही. एकच गटक्रम निघूच शकत नाही अशी स्थिती असू शकते. तसे चक्र दिसले तर त्या मालिकांना एकच संयुक्त स्थान द्यावे.

कक्षाभ्रमण

‘द एक्स्पान्स’ दुसऱ्या क्रमांकावर असूनही तिच्याबद्दल अजून कोणी सविस्तर लिहिलेले नाही. मी व्यवसायाने यंत्र अभियंता आहे, आणि या मालिकेच्या वैज्ञानिक अचूकतेचे जे कौतुक होते त्याबद्दल दोन बाजूंनी बोलायचे आहे.

एक प्रसिद्ध दृश्य आहे. सेरीस या लघुग्रहाला स्वतःभोवती वेगाने फिरवून आतील वस्तीत कृत्रिम गुरुत्व निर्माण केले आहे, आणि पोलीस अधिकारी मिलर पेल्यात मद्य ओततो तेव्हा धार वाकडी पडते. चाहते हे दृश्य अचूकतेचा पुरावा म्हणून दाखवतात. गणित केले तर मात्र ते टिकत नाही. सेरीसची त्रिज्या सुमारे ४७० किलोमीटर आहे. इतक्या त्रिज्येवर पृथ्वीच्या ०.३ पट गुरुत्व हवे असेल तर एका फेरीला साधारण चाळीस मिनिटे लागतील. एवढ्या संथ फिरण्यात सेकंदाला दोन मीटर वेगाने पडणाऱ्या धारेवरचा कोरिऑलिस परिणाम, म्हणजे फिरण्यामुळे धार बाजूला ढकलली जाणे, त्या गुरुत्वाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी येतो, म्हणजे डोळ्यांना दिसणार नाही. धार तशी वाकायला स्थानकाची त्रिज्या काही मीटरच असावी लागेल. शिवाय सेरीसचे स्वतःचे गुरुत्व पृथ्वीच्या जेमतेम तीन टक्के आहे, त्यामुळे इतका वेग दिल्यावर तो खडक एकसंध राहील का, हाही प्रश्न आहेच.

तरीही मी या मालिकेला पहिले स्थान देईन, आणि तेही विज्ञानासाठीच. इथे भौतिकशास्त्र सजावट म्हणून येत नाही. कोणाच्या वाट्याला कसले आयुष्य येणार, हे ते ठरवते. यानाला अर्ध्या वाटेवर उलटे वळवून वेग कमी करावा लागतो, म्हणून पाठलाग दिवसच्या दिवस चालतो आणि त्या काळात माणसांना बोलावे, भांडावे, ठरवावे लागते. तीव्र प्रवेगात रक्तवाहिन्या फुटू नयेत म्हणून औषधे टोचून घ्यावी लागतात. कमी गुरुत्वात जन्मलेल्या, लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या लोकांची हाडे लांब आणि ठिसूळ होतात, आणि पहिल्याच भागात ख्रिसजेन अवसरला अशा एका कैद्याला पृथ्वीवर नुसते टांगून ठेवून त्याची चौकशी करते. वेगळे छळसाधन तिला लागतच नाही, पृथ्वीचे वजन पुरते. साम्राज्य आणि वसाहत यांचा संबंध इतक्या थेटपणे शरीराशी जोडणारे दुसरे दृश्य मला माहीत नाही. आणि हे करणारी बाई भारतीय वंशाची, भरजरी साडी नेसलेली, नातवंडांवर जीव लावणारी, पृथ्वीच्या हितासाठी काहीही करू धजणारी राजकारणी आहे. आपल्या वंशाची व्यक्तिरेखा इतक्या पूर्णत्वाने उभी राहिलेली पाहण्याचे समाधानही मला मिळाले.

शेवटाच्या प्रश्नावर एक भर. पहिल्या वाहिनीने २०१८ साली तिसऱ्या पर्वानंतर मालिका सोडली, चाहत्यांच्या मोहिमेनंतर ती ॲमेझॉनने घेतली, आणि सहाव्या, केवळ सहा भागांच्या पर्वानंतर ती थांबली. मूळ नऊ कादंबऱ्यांपैकी शेवटच्या तीन पडद्यावर आल्याच नाहीत. मध्यमग्राम यांचा वचनाचा निकष लावला तर वलयांच्या, म्हणजे दूरच्या ताऱ्यांकडे नेणाऱ्या गूढ दारांच्या, पलीकडे काय आहे, या प्रश्नाचे उत्तर मालिकेने दिलेले नाही. तेव्हा नक्षत्रवेध, तुम्ही ‘बॅटलस्टार’चे गुण ज्या कारणासाठी कापले, त्याच कारणासाठी ‘एक्स्पान्स’चे का कापले नाहीत?

नक्षत्रवेध

सर्वांचे मनापासून आभार. कक्षाभ्रमण यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो सर्वांत नेमका आहे. ‘एक्स्पान्स’ने पट्टा, मंगळ आणि पृथ्वी यांच्यातला संघर्ष हा आपला विषय मानला होता, आणि सहाव्या पर्वाच्या अखेरीस त्या संघर्षाचा निकाल लागतो, तोही व्यक्तिरेखांच्या आधीच्या वागण्यातून. पट्ट्यातल्या ड्रमरला मिळणारे पद आणि नायक होल्डनने ते नाकारणे हे दोन्ही मागच्या पाच पर्वांतून आलेले आहे. वलयांपलीकडचे रहस्य अनुत्तरित राहिले हे खरे, पण अनुत्तरित ठेवणे आणि चुकीचे उत्तर देणे यांत मी फरक करतो. अनुत्तरित रहस्य आधीच्या भागांना धक्का लावत नाही. ‘बॅटलस्टार’च्या शेवटानंतर मात्र मी पहिले पर्व पुन्हा पाहिले, तेव्हा शास्त्रज्ञ बाल्टरला दिसणाऱ्या, ‘नंबर सिक्स’ या सायलॉन स्त्रीच्या प्रतिमेचे प्रत्येक दृश्य वेगळे झाले होते, जे आधी अपराधी मनाचे विलक्षण चित्रण वाटत होते, ते आता देवदूताचे संदेश होते. शेवट मागे जाऊन आधीचे बदलतो, म्हणून वैनतेय म्हणतात तसे त्याला केवळ एका भागाचे वजन देता येत नाही.

मात्र ‘३३’ आणि तिसऱ्या पर्वाचा आरंभ यांना हा दोष लागत नाही, हे वैनतेय यांचे म्हणणे मला पटते. त्या भागांत देवदूतांवर काहीही अवलंबून नाही. त्यांच्या बळावर मी ‘बॅटलस्टार’ला सहाव्या स्थानावर, ‘डीप स्पेस नाइन’च्या वर घेतो. त्याहून वर घेणार नाही, कारण त्यावर ‘नेक्स्ट जनरेशन’ आणि मूळ ‘स्टार ट्रेक’ आहेत, आणि ‘नेक्स्ट जनरेशन’मधला यंत्रमानव डेटा ही व्यक्ती आहे की मालमत्ता, हे ठरवणारा न्यायालयाचा भाग मला सायलॉनांविषयीच्या चारही पर्वांपेक्षा अधिक स्पष्ट विचार करणारा वाटतो.

लीड्सनिवासी यांच्या लिखाणानंतर ‘डॉक्टर हू’ला आमच्या यादीत क्रमांक न देता वेगळी नोंद करावी असे मी गटाला सुचवणार आहे, आणि तीच सूचना ‘ट्वायलाइट झोन’बद्दल कोणी केली तर ती मी मान्य करणार नाही, तिचे १५६ भाग उपलब्ध आहेत, आणि त्यांतल्या दुबळ्या, तासाभराच्या चौथ्या पर्वासह सगळ्यांचा एकत्र विचार करूनच मी तिला पहिले स्थान दिले आहे. येत्या बैठकीत संख्यामित्र यांच्या पद्धतीने जोड्या लावून मत घेऊ. ‘ब्लेक्स सेव्हन’ गटात कोणीही पाहिलेली नाही, त्यामुळे दहावी जागा तोपर्यंत रिकामी ठेवतो.